न वाचलेला परिच्छेद

"तुझी मोठी पंधरा कधी पूर्ण करते गं?"

मास्तरीणबाईंनी हे विचारलं तेव्हा चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात होती आणि दोन माझ्या. मी म्हणाले, अजून पाच महिने आहेत, आणि तिचा शाळेचा फॉर्म तुम्हीच भरलात, मग मला काय विचारता. एरवी बाईंनी यावर मला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी नुसतं "पाच महिने" म्हणाल्या आणि घडी घालायला पुढं येण्याऐवजी जागेवरच उभ्या राहिल्या. रोलरमधून पुढची चादर बाहेर आली, तिच्यामागून तिसरी आली, आणि सुपरवायझर काचेच्या खोलीतून मान उंच करून बघायला लागला. मी हळूच म्हणाले, बाई, घडी. तेव्हा कुठं त्या हलल्या.

इस्पितळाच्या लाँड्रीत आम्ही दोघी आठ वर्षं अशाच समोरासमोर उभ्या आहोत. चादर गरम होऊन बाहेर येते, ती दोघींनी धरायची, ताणायची, दुमडायची, ट्रॉलीत टाकायची. या कामात हात अडकतात पण तोंड मोकळं राहतं, आणि माझं तोंड मोकळं राहिलं की काय होतं ते सगळ्या लाँड्रीला ठाऊक आहे. मला तिथं बडबडी म्हणतात. बाई मात्र मोजकं बोलतात, आणि गेले दोन-तीन महिने तर त्याहून मोजकं. त्यांच्या गालांची हाडं वर आली होती. मध्येच काम सोडून त्या मागं जाऊन यायच्या, आणि परत आल्या की थोडा वेळ ट्रॉलीला धरून उभ्या राहायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, वय झालं. वय सत्तेचाळीस. मला ते पटलं नव्हतं, पण बाईंना दुसऱ्यांदा विचारायची माझी छाती नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत त्या मला मळक्या कपड्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथल्या वासानं तिथं कोणी फिरकत नाही. त्या एका उपड्या टोपलीवर बसल्या, दुसरी माझ्याकडे सरकवली आणि मला दार लोटून घ्यायला सांगितलं.

"मला कॅन्सर झालाय," त्या म्हणाल्या. "पिशवीच्या तोंडाचा. काल रिपोर्ट आला. किती पसरलाय ते सोमवारी सांगणार आहेत."

मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो मागं घेतला. रडारड नको, म्हणाल्या, मला तू शुक्रवारपर्यंत हवी आहेस. शुक्रवारी शाळेत नर्स येणार आहे. पंधराच्या आतल्या ज्या मुलींची लस राहून गेली त्यांच्यासाठी ही शेवटची फेरी. आईबापाची सही असलेला कागद मुलींनी सकाळी नर्सच्या हातात द्यायचा, की तिथंच दंडावर टोचतात. त्यानंतर हवी असेल तर दवाखान्यात जाऊन घ्यायची, म्हणजे रजा काढायची, नंबर लावायचा, इथली भाषा बोलायची. आमच्यातल्या किती जणींच्यानं ते झालं असतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मी विचारलं, कसली लस.

"हा आजार होऊ नये म्हणून असते ती. तीन वर्षं शाळेकडून कागद येतोय. तुझ्या मुलीला कधीच मिळाली असती. आपल्या इमारतीतल्या नऊही मुलींना मिळाली असती." बाईंनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "मी मिळू दिली नाही."

मास्तरीण हे काही त्यांचं शिक्षण नव्हे, ते आम्ही दिलेलं नाव. आमच्या इमारतीत वीस-बावीस घरं, सगळी बाहेरून आलेली, कोणी पंधरा वर्षांपूर्वी तर कोणी काल-परवा. सगळ्यांची भाषा एक, आणि त्या भाषेचा या देशात काडीचा उपयोग नाही. बाईंनी मात्र इथली भाषा इस्पितळातल्या पाट्या वाचून आणि मुलीची पुस्तकं चाळून स्वतःची स्वतः शिकून घेतली. नवरा गेल्यावर त्यांनी ते मनावरच घेतलं. मग दर रविवारी चार वाजता आम्ही सगळ्या आठवडाभराची पत्रं घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जायला लागलो. बाई चष्मा लावून पाकीट फोडायच्या, वरून खाली नजर फिरवायच्या आणि सार सांगायच्या. शब्द न् शब्द वाचत बसल्या असत्या तर सोमवार उजाडला असता. "घरमालक म्हणतो खिडकीत कपडे वाळत घालू नका. घाल तू." "हे काही नाही, साबणाची जाहिरात आहे, एवढी काय घाबरलीस." जिथं चौकटीत खूण करायची तिथं खूण बाई करायच्या, आणि खाली सही आम्ही करायचो. ती सहीसुद्धा त्यांनीच गिरवून घेतलेली.

कोणी म्हणेल, घरात शाळेत जाणाऱ्या मुली होत्या, त्यांच्याकडून का नाही वाचून घेतलं. घेत होतो ना. पण ड्रायव्हरच्या मुलीनं एकदा वर्गशिक्षिकेची तक्रार आईला कौतुकाचं पत्र म्हणून वाचून दाखवली, आणि आईनं आनंदाच्या भरात सगळ्या मजल्याला चहा पाजला. पुढच्याच आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. तेव्हापासून बाईंनी नियम केला की शाळेचं पाकीट मुलींनी फोडायचं नाही, जसंच्या तसं आईच्या हातात द्यायचं आणि आईनं रविवारी आणायचं. आम्हा सगळ्यांना तो नियम फार शहाणपणाचा वाटला होता.

लसीचा पहिला कागद आला तो रविवार मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी बाई वाचता वाचता थांबल्या. तसं कधी व्हायचं नाही. स्वयंपाकघर भरलेलं होतं. शिंप्याची आई चांगल्या खुर्चीत बसली होती, ड्रायव्हर बायकोकडून किल्ली घ्यायला म्हणून आला होता तो दारातच रेंगाळला होता. बाईंनी कागदाच्या मध्यावर नजर रोखली, चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला. त्यांचे कान लाल झाले होते.

"लस आहे," त्या म्हणाल्या. "सक्तीची नाही. आपल्या मुलींना नको."

मी विचारलं, कुठल्या आजाराची. बाई म्हणाल्या, इथल्या मुलींना होतो तो. त्या ज्या सुरात हे म्हणाल्या त्यातच सगळं आलं. शिंप्याच्या आईनं समजल्यासारखी मान हलवली. कोणीच पुढं काही विचारलं नाही. आणि आता लपवायचं कशाला, मला तेव्हा बरं वाटलं होतं. आमच्या मुली तसल्या नाहीत, असं कोणीतरी कागदोपत्री लिहून दिल्यासारखं वाटलं. बाईंनी 'नको'च्या चौकटीत पहिली खूण स्वतःच्या मुलीच्या कागदावर केली, मग माझ्या, मग बाकीच्यांच्या. मी ऐटीत सही केली. पुढची दोन वर्षं तो कागद आला की कोणी वाचायलाही सांगत नसे.

टोपलीवर बसून मी हे सगळं आठवत होते. बाई सांगत होत्या की त्यांनाही तीन वर्षांत तीन पत्रं आली होती, या आजाराच्या तपासणीला या म्हणून. गावभराची पत्रं वाचणाऱ्या या बाईनं स्वतःची तीन पत्रं कपाटात घालून ठेवली. का, तर त्या तपासणीच्या टेबलावर झोपायची लाज वाटली. काल रिपोर्ट सांगणाऱ्या नर्सनं विचारलं, घरात मुलगी आहे का, तिला लस दिली का. त्यावर बाई काय बोलल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही. इस्पितळातून त्या तशाच शाळेत गेल्या आणि ऑफिसातून सात कोरे कागद मागून आणले. नऊ मुलींपैकी दोघींचे आईबाप मागच्या वर्षी दुसऱ्या शहरात गेले होते. त्यांचा जुना फोन लावला तर तो बंद होता.

"माझ्याबरोबर घरोघर चल," बाई म्हणाल्या. "एकटी गेले तर मला बसवतील, पाणी देतील, आणि मी काहीतरी गोड बोलून परत येईन. तू असलीस तर मला खरं बोलावं लागेल."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

संध्याकाळी आधी त्यांच्याच स्वयंपाकघरात माझा कागद निघाला. मी नेहमीच्या सवयीनं सहीच्या जागेवर बोट ठेवून थांबले. बाईंनी पेन माझ्या हातात दिलं. खूण तूच कर, म्हणाल्या. समोर दोन चौकटी होत्या, दोन्ही सारख्याच, आणि शेजारी दोन शब्द. तीन वर्षांपूर्वी यातल्या कुठल्या शब्दाखाली मी सही केली होती हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आत्ताही कळत नव्हतं. बाईंनी दोन्ही शब्द मला अक्षर अक्षर करून वाचायला लावले. मग मी 'हो'समोर खूण केली. खूण चौकटीच्या बाहेर गेली.

जिना उतरताना मला एक युक्ती सुचली, आणि मी ती लगेच बोलून टाकली. खरं सांगायची गरजच काय? शाळेनं या वर्षीपासून सक्ती केली असं म्हणायचं. सक्ती म्हटली की आमची माणसं डोळे झाकून सही करतात. कोण जाऊन विचारणार आहे? मुलींना लस मिळाल्याशी कारण. बाई एक मजला उतरल्या. मग म्हणाल्या, बघू.

ड्रायव्हरच्या घरी त्यांनी तेच सांगितलं. ड्रायव्हरच्या बायकोनं आमटी ढवळता ढवळता सही करून टाकली. बेकरीवाल्याकडे दोन बहिणी, दोन कागद, तिथंही तसंच झालं. तो स्वतः घरात होता. सक्ती काय, रोज नवीन काहीतरी काढतात, एवढंच पुटपुटला. वेल्डरच्या घरी मुलीची आई कामावर होती, म्हणून वेल्डरनंच वाकडंतिकडं नाव लिहिलं आणि आम्हाला जेवूनच जा म्हणाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र दर घरागणिक काहीतरी जड होत चाललं होतं.

शेवटचं घर शिंप्याचं. तो मशीनवर वाकून पडद्यांना दुमड घालत होता. त्याची आई पलंगावर, बायको भांडी घासत, आणि मुलगी टेबलाशी अभ्यास करत बसलेली. तिला सगळे बुटकी म्हणतात, चौदा वर्षांची असून अकराची दिसते म्हणून. बाईंनी सक्तीचं सांगितलं. शिंप्याच्या आईनं ते शांतपणे ऐकून घेतलं, मग नातीला आतल्या खोलीत पाठवलं.

"तीन वर्षं तूच सांगत होतीस, आपल्या मुलींना नको," ती म्हणाली. "आता आपल्या मुली बदलल्या का?"

मी मध्येच म्हणाले, शाळेनं नियम केलाय आजी. तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तुला वाचता येतं का, म्हणाली. नाही ना? मग हिला बोलू दे.

बाईंनी ट्रॉलीला धरावं तशी दाराची चौकट धरली होती. मला वाटलं आता त्या पडतात की काय, म्हणून मी जवळ सरकले.

"मी आत्ता खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "सक्ती नाहीये. तेव्हाही नव्हती. पण तेव्हा मी या कागदातला मधला परिच्छेद तुम्हाला वाचूनच दाखवला नव्हता. आता दाखवते."

आणि त्यांनी तो वाचला. उभ्यानं, आपल्या भाषेत, एकही शब्द न गाळता. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. तो फार सर्रास आढळतो, बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होते आणि ती त्यांना कळतही नाही. काही बायकांना त्यातून पुढं गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होतो. मुलीचे असे संबंध सुरू होण्याच्या कितीतरी आधी लस दिली तर ती सगळ्यात चांगली लागू पडते, म्हणून ती या वयात देतात. बाईंचा आवाज शाळेतल्या मुलीसारखा सपाट येत होता. 'संबंध' हा शब्द आला तसं शिंप्याचं मशीन थांबलं. त्यानं मान वर केली नाही, हातातल्या पडद्याकडेच बघत राहिला. त्याच्या बायकोनं नळ बंद केला.

"पोरीच्या बापासमोर वाचायची ही गोष्ट?" म्हातारी म्हणाली. "आणि आजच बरी आठवण झाली तुला."

"मला तोच आजार झालाय," बाई म्हणाल्या.

मी खाली बघितलं. मला वाटलं आता तरी कोणी बसा म्हणेल. म्हातारीनं फक्त पाय पलंगावर वर ओढून घेतले.

"तुझा नवरा जाऊन तर नऊ वर्षं झाली," ती म्हणाली.

हे वाक्य तिनं मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पण त्यात काय काय भरलं होतं ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, दाराआडच्या मुलीलाही कळलं असणार. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तरी त्यांनी नजर हटवली नाही. तो विषाणू अंगात वीस-वीस वर्षं गप्प बसून राहतो, त्या म्हणाल्या, तो कोणाकडून आला आणि कधी आला हे कोणत्याच कागदात लिहिलेलं नसतं. म्हातारी म्हणाली, कागद घेऊन जा.

आम्ही जिन्यात आलो तेव्हा मागून शिंप्याची बायको आली. तिचे हात ओले होते. या घरात पंधरा वर्षं राहून ती चार वाक्यं बोलली असेल नसेल. तिनं बाईंच्या हातातून कागद घेतला, पाणी लागू नये म्हणून दोन बोटांत धरला आणि म्हणाली, "असू दे माझ्याकडे. मी बघते." मग दार लागलं.

मला वाटलं झालं, आता घरी जायचं. पण बाई खालच्या मजल्याकडे वळल्या. ज्यांनी सही केली त्यांनाही खरं सांगायचं, म्हणाल्या. मी त्यांना विनवलं. सह्या झाल्या आहेत, कागद हातात आहेत, आता कशाला विस्तवात हात घालता? बाई म्हणाल्या, "मी परत एकदा न वाचता सह्या घेतल्या, बडबडे." मी त्यांच्यामागून जिना उतरायला लागले.

मग तोच परिच्छेद आणखी तीनदा वाचला गेला, आणि प्रत्येक वेळी शेवटी, मला तोच आजार झालाय, हेही. ड्रायव्हरची बायको रडली आणि बाईंना जवळ घ्यायला आली, पण अर्ध्यातच थांबली. वेल्डर खाली मान घालूनच म्हणाला, आहे ती सही राहू दे. बेकरीवाल्यानं सही परत मागितली नाही. पण आम्ही बाहेर पडलो तेव्हा त्यानं आतून कडी लावली ती आम्हाला ऐकू यावी अशी लावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर पोचायच्या आधी बातमी लाँड्रीत पोचली होती. आमच्या इमारतीतल्या तिघी-चौघी तिथं कामाला आहेत, त्यामुळं वेळ लागण्याचं कारणच नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीत बाई बाकावर बसल्या तशी शेजारची उठली. चहाच्या वेळी बाईंचा कप कोणीतरी बाजूला, खिडकीत ठेवला होता. मी तो उचलून सगळ्यांच्या कपांमध्ये आणून आदळला. एकीनं मला कोपऱ्यात गाठून विचारलंच, कोणाकडून आला म्हणे? मी तिला जे उत्तर दिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. बाईंनी ते ऐकलं आणि मला रोलरवर परत बोलावलं. त्या दिवशी आम्ही दोघींनी रोजच्यापेक्षा जास्त चादरी काढल्या. मी एक शब्द बोलले नाही, आणि सुपरवायझर दोनदा येऊन मला बरं आहे ना विचारून गेला.

संध्याकाळी मी बाईंकडे बसले होते. सातच्या सुमारास दार वाजलं. दुसऱ्या मजल्यावरची एक बाई होती. तिच्या फायली बाईंकडे होत्या, म्हणजे घरभाड्याची पत्रं, व्हिसाचे कागद वगैरे. सहज न्यायला आले, म्हणाली, आमच्या ह्यांना बघायचे आहेत. बाईंनी कपाटातून तिची पिशवी काढून दिली आणि कुठल्या कागदाची मुदत कधी संपते ते नीट समजावून सांगितलं. तिनं पिशवी कोपऱ्याला धरून घेतली. तिच्यामागून आणखी एक आली. मग एकीनं स्वतः न येता नवऱ्याला पाठवलं. नऊ वाजेपर्यंत पाच पिशव्या गेल्या. दर वेळी दार बाईंची मुलगीच उघडत होती. शाळेत तिच्या कानावर काय काय आलं असेल ते तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पाचवी पिशवी गेल्यावर ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिचे खांदे दाबत राहिली. मला तिथं बसवेना आणि उठूनही जाववेना.

घरी आले तर माझा नवरा जेवायचा थांबला होता. त्यानं विचारलं, मोठीच्या कागदावर सही केलीस ना? मी म्हटलं, केली. मी मनातून त्याच्या ओरडण्याची वाट बघत होते. तो म्हणाला, तुझीही ती तपासणी करून घे मग, आणि ताट पुढं ओढलं. एवढं बोलला तो, आणि मला तिथंच भडभडून आलं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बाई म्हणाल्या, शाळेपर्यंत जाऊन येऊ. शाळा दोन रस्ते पलीकडे आहे. बाईंना चालवत नव्हतं, दर पंचवीस पावलांवर त्या थांबत होत्या. मी परत फिरू म्हटलं तर ऐकेनात. आम्ही फाटकासमोर, रस्त्याच्या या बाजूला औषधाच्या दुकानाच्या पायरीजवळ उभ्या राहिलो. मी त्यांना पायरीवर बसा म्हटलं, तर म्हणाल्या, बसले तर उठता येणार नाही.

शिंप्याच्या घरून काही निरोप आला नव्हता. सकाळी जिन्यात शिंप्याची बायको मला दिसली होती, केराची बादली घेऊन. मी तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. तिनं मान हलवल्यासारखं केलं, पण ते हो होतं की नाही हे मला समजलं नाही, आणि वरून सासूची हाक आली तशी ती गेली. मी बाईंना म्हणाले, तिनं मान हलवली. बाई म्हणाल्या, कळेलच.

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि पोरं बाहेर सांडली. त्या गर्दीत आमच्या मुली एका घोळक्यानं आल्या. माझी मोठी पुढं होती. बाही वर गुंडाळलेली, दंडावर कापूस, आणि तो दुसऱ्या हातानं दाबून धरलेला. मला पाहून तिनं तोंड वाकडं केलं, दुखतंय म्हणून. बाईंची मुलगी तिच्या शेजारी होती, तिनंही तसाच दंड धरला होता. त्यांच्यामागून बेकरीवाल्याच्या दोघी आल्या, मग वेल्डरची, मग ड्रायव्हरची, आणि सगळ्यांच्या शेवटी, सगळ्यांच्या खांद्याइतकी, बुटकी. तिचाही हात दंडावर होता. मी एकदा मोजल्या, परत मोजल्या. माझे डोळे भरून आले. मी बाईंचा हात इतका जोरात धरला की त्यांना दुखलं असेल.

"बाई, सात," मी म्हणाले. "सातही. शिंपिणीनं केली सही. बघा, सगळ्यांनी दंड धरलेत."

बाई चष्मा सारखा करून रस्त्यापलीकडे बघत होत्या. मुली भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, एकमेकींना आपापला कापूस दाखवायला लागल्या, कोणाला जास्त रक्त आलं ते बघायला लागल्या. कोणीतरी बुटकीलाही दाखव म्हटलं असावं. ती हसली, मान हलवली आणि पंजा दंडावर आणखी घट्ट दाबला.

"सहा," बाई म्हणाल्या.

मग मीही नीट पाहिलं. बुटकीची बाही खाली होती, मनगटापर्यंत, गुंडी लावलेली. तिच्या हाताखाली काही नव्हतं.